झोताखालची खिडकी

पदनाम : कनिष्ठ लिपिक, पाणीपुरवठा विभाग, तक्रार खिडकी क्रमांक चार. वय : एक्कावन्न. वैवाहिक स्थिती : अविवाहित, थोरल्या बहिणीकडे मुक्काम. ओळखीची खूण : डोळ्यांना सतत पाणी. वरिष्ठांचा शेरा : ‘अत्यंत सहृदय कर्मचारी. नागरिकांची गाऱ्हाणी ऐकताना यांचे डोळे भरून येतात.’

यातली खूण खरी होती. सहृदयतेशी मात्र लिपिकाचा काडीइतकाही संबंध नव्हता. त्याला माणसांचा वीट आला होता. लोक खिडकीच्या भोकात तोंड घालून बोलत, काचेवर थुंकीचे शिंतोडे उडत आणि दुपारपर्यंत तिथेच वाळत. कुणी नळाचं पिवळं पाणी बाटलीत भरून आणी आणि वास घ्यायचा आग्रह धरी. हा पडद्यावर टक लावून तक्रार टाइप करत राही. वरून एसीचा झोत थेट कपाळावर. दहाएक मिनिटांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागे आणि मग धार लागे. ती पाहून समोरचा विरघळे. एका म्हातारीने तर भोकातून हात घालून त्याच्या मनगटावर थोपटलं होतं. तिचा हात दमट होता. तो प्रसंग त्याने साबण लावून दोनदा धुतला.

कार्यालयात त्याला ‘झरा’ म्हणत.

सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. तो आरशापुढे उभा राहून ओल्या बोळ्याने चिपडं सोडवी आणि त्यांच्याकडे बघायचं टाळी. एकदा ताई चमच्यात मध घेऊन मागे उभी राहिली.

“घाल डोळ्यांत. स्वच्छ होतात.”

“खायची वस्तू डोळ्यांत? मुंग्या लागतील.”

“मग बस रडत.”

“मी रडत नाही.”

“ते काय मला माहीत नाही? आई गेली तेव्हासुद्धा रडला नाहीस.”

औषधाच्या दुकानातून त्याने लाली घालवणारे थेंब आणले. दोन तास डोळे पांढरेशुभ्र राहत, मग आधीपेक्षा लाल होत. पुढे पडद्यावरची अक्षरं विस्कटायला लागली. एका गल्लीतली गळती त्याने दुसऱ्याच गल्लीच्या नावावर नोंदवली, तेव्हा तो घाबरला. डोळे गेले तर नोकरी जाणार, आणि मग उरलेलं आयुष्य ताईच्या चमच्याखाली. तो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळा उजेड टाकला. “डोळे कोरडे आहेत तुमचे.”

“अहो बाई, दिवसभर धार लागलेली असते.”

“तीच तर खूण. तुम्ही पाणीपुरवठ्यातले ना? मग कळेल. डोळ्यातल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो. तो फाटला की पाणी उडून जातं, डोळा बोंब मारतो आणि आतून टँकर सुटतो. टँकर आला म्हणजे नळाला पाणी आहे, असं होतं का?”

असं होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

मग बाईंनी पापणीची कड दाबली आणि समोरच्या पडद्यावर ती मोठी करून दाखवली. बारीक भोकांतून स्वच्छ तेल यायला हवं होतं. टूथपेस्टसारखं काहीतरी पिवळट, घट्ट, हळूहळू वर आलं.

“हे माझं?”

“तुमचंच. बरंच जुनं दिसतंय.”

इतकी वर्षं किळस काचेच्या पलीकडून येत होती. आता ती पापणीतच निघाली, आणि या खिडकीला जेवणाची सुट्टी नव्हती.

बाईंनी सांगितलं ते साधं होतं. रोज दहा मिनिटं कोमट शेक, मग पापण्यांना हलका मसाज, कडा स्वच्छ पुसणं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, लाली घालवणारे थेंब बंद, पडद्याकडे बघताना आठवणीने पापण्या पूर्ण मिटणं. आणि एसीच्या झोतातून उठणं. हे शेवटचं त्यांनी दाखल्यावर लिहून दिलं : ‘डोळ्यांना तीव्र कोरडेपणा. बसण्याची जागा बदलावी.’

साहेबांनी अर्जाला जोडलेला दाखला दोनदा वाचला. “कोरडेपणा? अहो, मी या डोळ्यांनी पाहिलंय तुम्हाला रडताना.”

“ते रडणं नाही, साहेब. आजार आहे.”

“असेल. पण बाकीच्या खिडक्यांवरची माणसं भांडत माझ्या केबिनपर्यंत येतात. तुमच्या खिडकीवरचं एक माणूस वर येत नाही. तुमच्याकडे बघतं आणि निमूट घरी जातं. घरी पाणी नसतं, ती गोष्ट वेगळी. अशा माणसाला मी उठवू?”

अर्जावर शेरा पडला : ‘प्रत्यक्ष पाहणीत डोळे ओले आढळले. सबब नामंजूर.’

म्हणजे इतकी वर्षं त्याचा आजार साहेबांच्या दारावर पहारेकऱ्याचं काम करत होता. पापणीतलं ते पिवळट त्यामानाने बरंच सभ्य होतं.

त्याने एका जुन्या फाइलचा पुठ्ठा चिकटपट्टीने एसीच्या तोंडाला डकवला आणि झोत भिंतीकडे वळवला. घरी रोज शेक घेतला, पापण्या पुसल्या, किळस गिळली. ताई कोमट फडकं पिळून देई आणि म्हणे, “मध फुकट गेला.” दीडेक महिन्यात धार थांबली.

खिडकीवर आता एक कोरडा, ठणठणीत चेहरा दिसू लागला. तो पाहिल्यावर लोकांना आपल्याकडे पाणी नसल्याची आठवण होई. पहिल्याच आठवड्यात अकरा जण जिना चढून वर गेले. एकाने पिवळ्या पाण्याची बाटली साहेबांच्या टेबलावर उघडली.

सोमवारी आदेश निघाला : ‘सदर कर्मचारी नागरिकांशी अत्यंत कोरडेपणाने वागत असल्याचे निदर्शनास आल्याने, शिक्षा म्हणून त्यांची तात्काळ अभिलेख कक्षात बदली करण्यात येत आहे.’

अभिलेख कक्षात एसी नाही.