स्वेटर घातलाय, काळजी नको

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमनमधल्या आमच्या मराठी क्रिकेट संघाचा मी कप्तान होतो तेव्हा आमच्याकडे कॅमेरा नव्हता, आणि कॅमेरा आला तेव्हा माझा गुडघा गेला. माझ्या कारकिर्दीचं सार एवढंच. पुण्याहून बाबा दर शनिवारी फोनवर विचारायचे, "किती केलेस?" आणि फोन ठेवताना म्हणायचे, "एकदा तुला तिथे खेळताना बघायचंय." विमानाचं नाव काढलं की मात्र गुडघे दुखतात म्हणून नको म्हणत. गुडघ्यांच्या बाबतीत मी त्यांच्यावरच गेलोय.

कप्तानपद सुटलं तसा पोरांनी माझ्या हातात माईक दिला. तिपाईवर मोबाईल लावून सामना व्हिडिओ कॉलवर घरोघरी जायला लागला. रेकॉर्डिंग कोणी ठेवत नव्हतं. परत कोण बघणार? बघणारे सगळे खेळाडूंचे आईवडील, पुण्यातले नाहीतर ठाण्यातले. त्यांना धावफलकाचं काय कौतुक? आपलं पोर दिसलं की झालं, आणि मोबाईलवर तर सगळे मुंगीएवढे. म्हणून प्रत्येक ओव्हरच्या सुरुवातीला कोण कुठे उभा आहे ते मी सांगायचो. "थर्ड मॅनला आपले कोथरूडचे चिरंजीव. वारा आहे, पण स्वेटर घातलाय, काळजी नको." चेंडू कालव्यात गेला की जाळीची काठी घेऊन कोण धावलं, तेही सांगायचो. एखादा राहिला, तर त्याची आई लगेच चॅटमध्ये विचारायची, "माझा कुठाय?"

बाबा एकही सामना चुकवत नसत. "छान बोलतोस," म्हणायचे. आणि पुढे, "तू मात्र दिसत नाहीस."

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी रेल्वेचा घोळ झाला आणि आमचा एक खेळाडू युट्रेख्टला अडकला. नवा कप्तान माझ्याकडे आला. "काका, मिड-ऑनला नुसते उभे राहा ना." 'काका' गिळून मी बूट चढवले. माईक लायडनहून सामना बघायला आलेल्या एका उत्साही पाहुण्याकडे दिला. घरी फोन करायला वेळ होता, खोटं कशाला बोलू? पण वाटलं, बाबांना आपण अचानक दिसावं.

त्या दिवशी मी एक झेल घेतला. साधाच, पोटात आलेला. पण चेंडू वर उडवला तो मोबाईलकडे तोंड करून. गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता, आणि ही शेवटचीच वेळ हे मला कळत होतं.

संध्याकाळी गुडघ्यावर बर्फ धरून फोन लावला. "बघितलंत का आज?"

"लावलं होतं रे. तुझा आवाजच नाही. कोणीतरी इंग्रजीत बडबडत होता, कोण कुठे काही सांगेना. म्हटलं, आज तू गेला नसशील. बंद केलं."

इतरांची पोरं मी वर्षानुवर्षं दाखवत आलो, आणि माझ्या बापाला माझं ठिकाण सांगायला कोणी नव्हतं. तेवढी व्यवस्था मी करून जायला हवं होतं.

"मिड-ऑनला होतो, बाबा. झेल घेतला."

कोणाचा झेल, कितव्या ओव्हरला, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "कोणी सांगायचं तरी."

आणि फोन ठेवताना, "स्वेटर होता ना अंगात?"

मी हो म्हणालो. स्वेटर माईकपाशी खुर्चीवरच राहिला होता.