ज्याची रुई त्याला

आमच्या गावातल्या एका गादीवाल्याला घरमालक, ठाणेदार आणि तहसीलदार या तिघांनी मिळून फसवलं. कोर्टाच्या हुकुमाशिवाय त्याची खोली काढून घेतली. हे आधी सांगतो, माणूस नंतर सांगतो.

जुन्या गादीची रुई हातात आली की हा गादीवाला चाचा दोन बोटांनी चिमूटभर ओढून बघायचा आणि हळूच म्हणायचा, "ज्याची रुई त्याले." एका घराची रुई दुसऱ्या घराच्या गादीत त्याने कधी घातली नाही. पिंजून झाली की गाठोडं बांधायचा आणि ओळखीसाठी त्याच घराच्या जुन्या खोळीची चिंधी वर बांधायचा. तुमच्याही गावात असा कुणी असेल. त्याचा चढा आवाज तुम्ही ऐकला नसेल. याचाही कुणी ऐकला नव्हता.

माझं दुकान समोरच, जुन्या बारदान्याचं. फाटकी पोती शिवून विकत मी वर आलो. भाव करण्यात मला कुणी हरवलं नाही. चाचाशी मात्र भाव करता यायचा नाही. मी तावातावाने अर्ध्या किमतीवर आलो की तो पिंजणाचं मशीन सुरू करायचा आणि थांबवून विचारायचा, "झालं काय शेठ तुमचं?"

घरमालकाला चाचाच्या खोलीच्या जागी नवे गाळे काढायचे होते. चाचा तीस वर्षांचा भाडेकरू, लाइटबिल त्याच्या नावावर. मालक कोर्टात गेला असता तर त्याची वर्षं गेली असती. म्हणून तो एका दुपारी ठाण्यातले दोन शिपाई घेऊनच आला.

"कोर्टाचा कागद दाखवा, साहेब," चाचा म्हणाला. एवढंच.

मालक त्याला सोडून माझ्याकडे वळला. "अन् हा पोतेवाला कायले बाहेर आला बे? तुह्या बापाची खोली हाय काय?"

माझा राग गावाला माहीत. त्यालाही माहीत होता. "पोत्यात भरून फेकतो तुले!" असं ओरडत मी त्याची कॉलर धरली. चाचा मागून माझा सदरा ओढत होता. "शेठ, आवाज नका करू. पाया पडतो तुमच्या." मालक हसत होता. एक शिपाई मोबाइलवर शूटिंग करत होता.

आठ दिवसांनी ठाणेदाराच्या रिपोर्टवरून तहसीलदाराची नोटीस आली. भाडेकरू व त्याचे साथीदार यांच्याकडून शांतताभंगाचा संभव. साथीदार म्हणजे मी.

तारखेला तहसीलमध्ये चाचा काहीतरी पुटपुटला. बाबू खेकसला, "जोऱ्यानं बोला ना, ऐकू येत नाही!" शांतता भंग करणारा माणूस हा! मला हसू आलं. तहसीलदाराने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी, शांतता राहावी म्हणून, खोलीला सील लागलं.

"शेठ, मशीन राहू द्या," चाचा म्हणाला. "आत लोकायची रुई हाय. गाठोडे तेवढे काढून मागा." मी ठाण्यात गेलो. ठाणेदार म्हणाला, "पुन्हा आला तू? तुलेच आत टाकू काय?" मी परत आलो. दुसरं कुणी गेलं असतं तर कदाचित मिळाली असती.

दोन महिन्यांनी सील निघालं आणि किल्ली मालकाच्या हातात गेली. गाठोडी मागच्या गल्लीत, नालीच्या कडेला पडली होती. फुटलेली, एकमेकांत मिसळलेली. चिंध्या वेगळ्याच पडल्या होत्या.

चाचा त्या ढिगात बसला होता. एक बाई आली. पोरीच्या लग्नाच्या गादीसाठी तिने आपल्या आईची रुई दिली होती. "चाचा, माह्या मायची कोणती?"

त्याने दोन बोटांनी चिमूट ओढली. मग दुसरी. तिसरी. मग हात मांडीवर ठेवला.

"बेटी, मले नाही सांगता येत."

तो ढाणकीला मुलीकडे गेला. मी भेटायला गेलो, तेव्हा दारात नुसत्या खाटेवर बसला होता. खाटेवर गादी नव्हती. वकील करू, अपील करू, मी बोलतच राहिलो. तो म्हणाला, "हळू, शेठ." मी पुन्हा गेलो तेव्हा खाटही उचललेली होती. मुलगी म्हणाली, झोपेतच गेले.

मी ओरडलो. माझ्या वाट्याचं पाप माझं, ते मी घेतलं. बाकीच्या तिघांनी आपापलं घ्यावं. पहिल्या दिवशी चाचाने जो कागद मागितला, तोच मी मागतो. किल्ली कोणत्या हुकुमाने दिली? घरमालक, ठाणेदार, तहसीलदार, कुणीही या. कागद दाखवा.