जवसाच्या धाग्याची लाईन

जवस भाजल्याचा वास आला की बोरगावचं आमचं वावर आठवतं. संत्र्याची कलमं लावायची होती आणि ओळ आखायची दोरी माझ्या हातात होती. काका म्हणाले, "पोरीच्या हातून लाईन वाकडीच जाते."

जवसाची चटणी-भाकर घेऊन आलेली आई म्हणाली, "तिलेच धरू द्या. वाकडी गेली तं मी कलमं उपटीन."

तळवे सोलेस्तोवर मी दोरी ताणली.

आता सौंसरला इंग्रजी शिकवते. लाईन बिजलीची, तिकिटाची, रेल्वेची. पण हा शब्द आला जवसाच्या काडीतून काढलेल्या धाग्यावरून, लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणतात, असं मुलांना सांगते. मग त्यांना बोरगावच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात नेते. पहिल्या झाडामागे उभं राहिलं की ओळीतली बाकीची झाडं दिसतच नाहीत. काका अजून एक डोळा मिटून वाकडेपणा शोधून राहिले.