गोराईहून आलेलं दुसरं वऱ्हाड

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच. निदान हातातला चहा खाली ठेवा, मग सांगतो.

नाहूरला आमच्या चाळीत रंगीत टीव्ही आणि मी एकाच महिन्यात आलो. कौतुक टीव्हीचं जास्त झालं! मी परदेशात कीटकशास्त्र शिकून परतलो होतो. देशसेवेला हात नुसते शिवशिवत होते. फक्त किडे कुठे सापडतात, एवढाच प्रश्न होता.

सापडले! शेजारच्या मालूकाकूच्या आंब्यावर. तिची लता जन्मली तेव्हा काकूने हे झाड लावलं होतं. आता लताचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि मंडपाला पानं ह्याच झाडाची लावायची, हा काकूचा तेव्हापासूनचा हट्ट.

मी पानाला भिंग लावलं. बारीक बारीक पुटकुळ्या!

"काकू, ह्या गाठी आहेत! डासाहून लहान माशी कोवळ्या पानात अंडी घालते. आत अळी वाढते आणि पान तिच्याभोवती गाठ बांधतं."

"बांधू दे की. मी काय तिच्याकडे भाडं मागू?"

"अगं, रोग पसरेल!"

"दरवर्षी आंबे येतात ना? मग?"

मग काय! माघार घेईल तो शास्त्रज्ञ कसला? काकू पत्रिका वाटायला गावी गेली आणि मी शिडी लावली. पुटकुळी दिसली की पान खाली. शेवटी शेवटी तर नुसता संशय आला तरी खाली. सगळी पानं जाळली आणि छाती पुढे काढून काकूची वाट बघत बसलो.

काकू आली. वर बघितलं. पिशवी हातातून गळली.

"मेल्या! झाडाची मुंज लावलीस?"

"लग्नापर्यंत नवी पालवी फुटेल, बघच तू!"

आणि फुटली हो! तांबूस, लुसलुशीत, रेशमासारखी. अडचण एवढीच, की कोवळी पानं दोऱ्यात ओवली की माना टाकतात. तोरण कसलं, वाळत घातलेले रुमाल!

लग्न उद्यावर आलेलं. काकूने डोळ्यांना पदर लावला. "एका तोरणासाठी वाढवलं रे ते झाड."

मी धावत सुटलो. होडीने गोराई गाठली. तिथे माझा मित्र पास्कल, त्याच्या वाडीत आंबेच आंबे.

"पानं नीट बघून घे रे," पास्कल म्हणाला.

"बघायला वेळ कुणाला आहे, यार? भर पोतं!"

मंडप झकास सजला. बरोब्बर त्या कोवळ्या पालवीखाली! लग्न थाटात लागलं. काकूने स्वतःच्या हाताने मला जिलेबी भरवली. मंडप उतरवायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे तोरणं पुढेही बरेच दिवस लटकत राहिली.

महिन्याभराने काकूची हाक आली. "ये रे शास्त्रज्ञा! भिंग राहू दे घरी."

भिंग लागलंच नाही. पानापानावर पुटकुळ्या, पूर्वीच्या चौपट! झाडाला जणू देवी आल्या होत्या.

मी तोरणाचं एक सुकलेलं पान हातात घेतलं. त्यावरही त्याच गाठी. आणि गाठीगाठीला एकेक बारीक भोक. माश्या उडून गेल्या होत्या. लांब कशाला जातील? त्यांना कोवळं पान हवं असतं, ते मी आधीच तयार करून ठेवलं होतं. आणि त्यांना गोराईहून आणलंही मीच, होडीचं भाडं भरून!

"लग्न एक आणि वऱ्हाडं दोन," काकू म्हणाली. "एक जेवून गेलं. दुसरं बघ, तुझ्या कृपेनं बिऱ्हाड करून बसलंय!"

आंबे मात्र नेहमीसारखेच आले, आणि गोडही निघाले. पण तेव्हापासून मी भिंग घेऊन दाराबाहेर पडलो, की काकू आधी धावत जाते आणि तुळशीवर टोपली पालथी घालते.