मुलीला लस लागत नव्हती

त्या काळी मी पनवेलात बैलांचा व्यापार करायचो. वडिलांचं ओवे गावातलं घर थोरल्या भावाकडे राहिलं. मी हात हलवत बाहेर पडलो आणि धंदा उभा केला. भावाला तो कधीच पटला नाही.

माझी मुलगी चार वर्षांची होती. सगळ्या लसी देऊनही तिला गोवर झाला, मग छाती सारखी भरायला लागली. लसीचा माल खराब म्हणून मी दवाखान्यात भांडून आलो. भाऊ म्हणाला, "म्हातारे बैल खाटकाला घालतोस. त्यांची हाय लागलीय पोरीला. गणपतीला तिला आणू नको."

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लस चांगलीच होती, पण मुलीच्या अंगात प्रतिपिंडं तयार होत नव्हती. त्या म्हणाल्या, "ती बनवणाऱ्या पेशींवर जंतू ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांना साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात. त्या नीट लागल्या नाहीत तर जंतू येऊनही पेशीला इशारा जात नाही. हिचं तसं असावं. खात्रीची तपासणी इथे होत नाही."

आम्ही बैलवाले बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतो. मी म्हटलं, "म्हणजे हात रुमालाखाली गेला, पण बोटं बधिर."

"तसंच समजा."

"मग साखर जास्त देऊ?"

"खाऊन काही होत नाही. ही जन्मापासूनची घडण आहे."

"माझ्या धंद्यामुळे नाही ना? माझ्या भावाला तेवढं सांगाल?"

"भावकीत मी पडत नाही," त्या म्हणाल्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी मुलीला घेऊन मी ओव्याला गेलो. भाऊ मखर बांधत होता. मी सगळं सांगितलं.

"पोरीच्या रक्तात साखर चुकली, आन् तुझं पाप नाय?"

"नाय."

"मंग धंदा सोड. आत्ता बोल, आत्ता घेतो तिला आत."

डॉक्टरीणबाईंनी तिला दर महिन्याला तयार प्रतिपिंडांची महागडी इंजेक्शनं लावून दिली होती; धंदा सोडला तर ती बंद. एरवी मी त्याच्या अंगावर गेलो असतो. त्या दिवशी राग आलाच नाही. मुलगी ओट्यावर खोकत होती. तिला उचललं.

रस्त्यावर तिने विचारलं, "बाप्पा नाय बघायचा?"

बाजारातून एक लहान मूर्ती घेतली आणि पनवेलच्या खोलीत बसवली. आमच्यात गणपती वेगळा झाला की भाऊ तुटला. आरती बायकोने म्हटली. मी टाळ्या वाजवत होतो.