शिट्टी वाजवणारी कवळी

पेणमध्ये माझा दातांचा दवाखाना आहे आणि दर गुरुवारी मी रोह्याला बसतो. आपल्यावर कुणी दावा लावेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. दात काढताना लोक ओरडतात, बाहेर जाऊन शिव्या घालतात आणि पुढच्या वेळी सासूला घेऊन येतात. त्यामुळे आमचा विमा एजंट डॉक्टरांसाठीची इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटनं दावा लावला तर भरपाई कंपनीनं द्यायची अशी, घेऊन आला, तेव्हा मी ती निव्वळ भिडेपोटी घेतली. एजंट हमरापूरचा. घरी गणपतीचा कारखाना. गणपतीच्या आधीचे महिने तो मूर्ती रंगवतो, उरलेले महिने विमा विकतो. माझ्या कपाटातले दातांचे साचे बघून तो म्हणाला, "तुमचं पण प्लास्टर, आमचं पण प्लास्टर. पण आमचा गणपती तक्रार घेऊन परत येत नाय."

माझ्याकडे तक्रार आली ती निडीजवळच्या गावातल्या चाचांची. उमेदीची वर्षं कुवेतला काढून परतलेले, आता भातशेती बघणारे, गावात शब्दाला वजन असलेले गृहस्थ. नातीच्या निकाहाआधी त्यांना नवी कवळी हवी होती, ती मी रोह्याला बसवून दिली. नवी कवळी नव्या चपलेसारखी असते, सुरुवातीला कुठे ना कुठे लागतेच. "पुढच्या गुरुवारी या, घासून बरोबर करून देतो," असं मी बजावलं होतं. पण लग्नघर ते. पुढच्या गुरुवारी चाचा आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

मग वकिलाची नोटीस आली.

निकाहाच्या दिवशी चाचा पाहुण्यांचं स्वागत करायला माइकसमोर उभे राहिले होते. "सगळ्या सग्यासोयऱ्यांना सलाम," एवढंच म्हणायचं होतं. त्यातल्या एकूण एक 'स'ला कवळीतून शिट्टी वाजली. माइकवाल्याला वाटलं यंत्र बिघडलं. तो धावत येऊन बटणं पिळू लागला. चाचांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग मंडपातली पोरं शिट्टीला शिट्टीनं उत्तर द्यायला लागली. नोटिशीत या प्रकाराला 'भरसभेत झालेली मानहानी व तीव्र मानसिक क्लेश' म्हटलं होतं.

आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी ती नोटीस तीनदा वाचली. मी एजंटला फोन लावला.

"डॉक्टर, अभिनंदन!" तो ओरडला. "इतकी वर्षं ही पॉलिसी विकतोय, पण कुणी क्लेमच करत नाय हो! लोकांना वाटतं, विमा म्हणजे नुसता कागद. आता दाखवतो एकेकाला." संध्याकाळी तो रंगाचे हात न धुताच पेढे घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या वकीलबाईंचा मुंबईहून फोन आला. आवाज थंड. पेशंटशी बोलायचं नाही. चूक कबूल करायची नाही. सॉरी म्हणायचं नाही. फुकट उपचार देऊ करायचे नाहीत. परस्पर तडजोड केलीत, तर कंपनी जबाबदार नाही.

"आणि समोरच भेटले तर?" मी विचारलं.

"टाळा."

मुंबईत माणूस टाळता येत असेल. त्याच गुरुवारी रोह्याची गाडी निडीला थांबली आणि चाचा माझ्याच डब्यात चढून माझ्याच समोर बसले. तोंडाचं बोळकं, हातात स्टीलचा डबा. मी खिडकीबाहेरची शेतं बघायला लागलो.

"डॉक्टर, बरे हाव ना?"

मी मान हलवली. मान हलवणं कबुलीत धरतात का, हे बाईंना विचारायचं राहून गेलं होतं.

"रागावलात काय?"

"नाही हो चाचा. मला बोलायची मनाई आहे. वकिलांनी सांगितलंय."

चाचांचा चेहरा उजळला. "मला पण!"

मग बंदी आलेली आम्ही दोघं रोहा येईपर्यंत बोलत राहिलो. नोटीस पाठवणारा वकील म्हणजे त्यांचाच पुतण्या. नुकताच वकील झालेला, रोह्यात टेबल टाकून बसलेला, पण पक्षकार फिरकेना. मंडपात सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता आणि दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, चाचा, ही तर केस हाय.

"घरचा पोरगा," चाचा म्हणाले. "पहिल्यांदा काय मागतो, त्याला नाय कसा बोलू? केली सही. आता बोलतो, कवळी लावायची नाय, कुणाकडून घासायची नाय. पुरावा हाय ती." त्यांनी डबा उघडला. आत फडक्यात माझी कवळी. "घरात सुरमई तळतात, मी वास घेतो आणि पेज पितो."

कवळीची पुढची कड जाड राहिली होती, हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. चहा निवायच्या आत होणारं काम. माझे हात शिवशिवले, पण ते खिशात घालून मी रोह्याला उतरलो.

पुढच्या गुरुवारी रोह्याच्या दवाखान्यात चाची आल्या. मागे दारात चाचा, गुन्हेगारासारखे. चाचींनी तोच डबा टेबलावर आदळला.

"घासा."

"चाची, मला मनाई आहे. विमा कंपनी..."

"मला कोणाची मनाई नाय. मी नोटीस धाडली नाय, मी विमा काढला नाय. पेज ढवळून माझा हात मोडला."

मी वकीलबाईंना फोन लावला. जेमतेम प्रकार सांगितला, तोच चाचींनी तो माझ्या हातातून घेतला. "बाई, तुमचं लगीन झालंय काय?... झालंय ना. मग उपाशी नवरा घरात कसा वागतो, ते तुमाला मी काय सांगू?"

त्या थंड आवाजाच्या बाई खळखळून हसल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं. नोटीस मागे घेतल्याचं लेखी द्या, त्या म्हणाल्या, मग खुशाल घासा.

"पुतण्या खालीच उभा हाय," चाची म्हणाल्या. त्याला त्या घरूनच घेऊन आल्या होत्या.

पुतण्या वर आला आणि अडून बसला. प्रकरण 'सन्माननीय तडजोडीने' मिटलं असं लिहा, म्हणाला. पहिली केस, मागे घेतली असं कसं सांगणार? फोनवर बाई 'तडजोड' शब्दाला तयार होईनात. त्या एका शब्दावर मुंबई आणि रोहा भांडत राहिले, आणि चाचा खुर्चीत 'आ' वासून वाट बघत राहिले. शेवटी 'सामोपचाराने' वर दोघं राजी झाले. त्यानं सही केली, तीही वळणदार.

मी कवळी घासायला घेतली.

"म्हणा, सुरमई."

बारीक शिट्टी आली. पुन्हा घासली.

"सुकट."

जवळजवळ गेली.

"सासू बोलायला सांगा," मागून चाची म्हणाल्या, "मग कळेल." या वेळीही पहिला हसला तो पुतण्याच.

शेवटी चाचा खुर्चीतून उठले, कुर्ता नीट केला आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर जाऊन स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "सगळ्या सग्यासोयऱ्यांना सलाम!" गाल सुजलेल्या त्या माणसांनी गोंधळून सलाम परत केला.

संध्याकाळी आम्ही एकाच गाडीनं परत निघालो. चाचा भाजलेले शेंगदाणे कडाकडा फोडत होते. लग्नात असं व्हायला नको होतं, मला फार वाईट वाटलं, असं मी त्यांना म्हणालो.

"अवो, सोडा," ते म्हणाले. "दुसऱ्यांची लग्नं लोकं बिर्याणी पचायच्या आत विसरतात. माझ्या नातीचं लगीन गाव कधी विसरायचा नाय."

एजंट मात्र खट्टू झाला. कंपनीला काहीच द्यावं लागलं नाही, म्हणजे लोकांना दाखवणार काय? पण तो गप्प बसणारा नव्हे. पेणच्या डॉक्टरांना पॉलिसी विकताना हल्ली तो ही गोष्ट सांगतो, असं कानावर आलं. त्याच्या गोष्टीत कवळीची शिट्टी गार्डची समजून निडीला गाडी सुटते आणि नवरदेवाचे मामा फलाटावर राहतात. मी ते कधी खोडून काढलेलं नाही. माझ्या ओळखीच्या दोघांनी तेवढ्यावर पॉलिसी घेतली.