नुसती लिफ्ट मिळत नाही

बाबा निवृत्त झाले आणि चिखल्याच्या खाण कॉलनीतला क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा आम्ही भंडाऱ्यात फ्लॅट बघायला लागलो. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना तिच्याने होत नाही. म्हणजे प्रश्न एकच होता: आई घराबाहेर पडू शकेल, की उरलेलं आयुष्य गॅलरीत काढेल?

परवडणाऱ्या इमारती दोन. एक जुनी, लिफ्ट नाही, रिकामा फ्लॅट नेमका सगळ्यात वर. पण मेंटेनन्स नावापुरता. दुसरी नवी. खाली सगळं पार्किंग, वर जायला लिफ्ट, आणि लिफ्टच्या शेपटीला बांधलेले जिम, क्लब हाउस, कारंजं, स्विमिंग पूल. वैनगंगेच्या काठच्या गावात पोहायचे दर महिन्याला पैसे! मी मोर्च्यांची पत्रकं लिहिणारी पोरगी, माझं डोकं तिथंच सटकलं.

विक्री ऑफिसातला मुलगा गोड बोलत होता. "काका, सगळं प्रीमियम आहे. फक्त मेंटेनन्स वेगळा, दर महिन्याला."

बाबा खूश. "दर महिन्याले? मंग तं बेस हाय. आमच्या खाणीत मेंटेनन्स रोज ये. केजचा दोर पाहे, तेल टाके, मंगच आमी त्या पिंजऱ्यात बसून खाली उतरू."

मुलगा गोंधळला. मी कपाळाला हात लावला. बाबांच्या लेखी मेंटेनन्स म्हणजे हातात पाना घेऊन येणारी माणसं. क्वार्टरात राहिलेल्या माणसाला ते बिलाचं नाव आहे हे कसं कळणार?

"बाबा, माणसं नाही येत. आपल्याले पैसे भरा लागते. लिफ्टचे, पूलचे, कारंज्याचे."

"कारंजं कायले पायजे?"

"लूक राहते ना काका सोसायटीचा," मुलगा म्हणाला.

"आन नाही भरले तं?"

"लिफ्टला कार्ड आहे काका. थकबाकी झाली की कार्ड बंद."

बाबा म्हणाले, "खाणीत भांडणं होत, उधाऱ्या राहत. पण खाली गेलेल्या माणसाले वर घेत नाही, असं कोणी म्हटलं नाही कधी."

मी म्हटलं, आमच्याकडून फक्त लिफ्टचे घ्या. "तसं नाही जमत मॅडम. पॅकेज आहे."

पॅकेज! जिच्यावाचून माणसाचं अडतं ती गोष्ट नको असलेल्या दहा गोष्टींना बांधायची आणि सगळ्याचे पैसे उकळायचे. याला लूट म्हणतात. मी तसं तिथंच म्हटलं, मोठ्याने. आई सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती.

परतीच्या बसमध्ये मी जुन्या इमारतीची बाजू लावून धरली. पेन्शन तेवढीच राहणार, मेंटेनन्स वाढत जाणार. आईला मी उचलून उतरवीन.

"मले पोत्यासारखी उचलशीन?" आई तडकली. "आन तू मोर्च्यात बोंबलत राहिली, तं मी कोणाले आवाज देऊ?" मग बाबांना म्हणाली, "मले पोहाचं नाही जी. मले खाली उतराचं हाय."

बाबांनी नवा फ्लॅट घेतला.

आता आई रोज संध्याकाळी उतरते, फाटकापाशी भाजीवालीशी घासाघीस करते, ओळखी काढते. ते पाहून बरं वाटतं आणि त्याच क्षणी संताप येतो, कारण मेंटेनन्स वाढलाच. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. पूल बंद ठेवा, लिफ्टचा खर्च वेगळा धरा, कार्ड बंद करायचा नियम काढा.

"बेटा, पूल बंद केला तं फ्लॅटचे भाव पडतीन," समोरचे एक काका म्हणाले. "झेपत नवतं तं आले काहून इथं?"

लोक हसले. माझ्या बाजूने हात वर आला तो एकट्या बाबांचा.

कार्डाच्या त्या नियमाविरुद्ध मी पत्रक लिहिते आहे, दारोदार वाटणार आहे. बाबा म्हणाले, "लिही. पण पयले या महिन्याचे भर, मंग भांड."

हे असं पैसे भरून भांडणं मला पटत नाही, अजूनही. पण आई पिशवी घेऊन लिफ्टसमोर उभी होती. मी भरले.